दोन बोटं कापूस

विसराळू मंडळी, नमस्कार.

या समारंभाची निमंत्रणपत्रिका तुम्ही मला टपालानं पाठवलीत. लाल कागद, वर सोनेरी अक्षरं. तोंगांच्या म्हातारीला वाचता येत नाही हे आजूबाजूची बारा गावं जाणतात, नेमकी ही शाळाच विसरली. मी ती चार दिवस चुलीवरच्या भिंतीला चिकटवून येणाऱ्याजाणाऱ्याला मिरवत होते. पाचव्या दिवशी शेजारची कुओकुओ आली आणि म्हणाली, "आजी, उलटी लावलीय." सात वर्षांची आहे ती. तिचं नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता रीतीनं सुरुवात करते. आजच्या सभेच्या अध्यक्ष आणि आपल्या क्रीडाशाळेच्या मुख्याध्यापिका माननीय शांगबाई. एवढ्या लांबून आलेले आणि आल्यापासून घड्याळ पाहणारे क्रीडाधिकारी साहेब. छातीवर भलंमोठं लाल कापडी फूल लावून नवरदेवासारखे अवघडून बसलेले आजचे सत्कारमूर्ती, निवृत्त होणारे टेनिसचे प्रशिक्षक गेंग सर. शिक्षकवर्ग, पालक, खेळाडू मुलं. आणि मागच्या रांगेत सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेल्या माझ्या गावच्या बायकांनो, टरफलं खाली टाकू नका गं, झाडणारीही आपल्यातलीच आहे. सर्वांना या म्हातारीचा नमस्कार.

मी बोलते आणि पुढं बसलेली ऑफिसातली मुलगी ते स्मरणिकेसाठी उतरवून घेते. बाई, मी बोलते तसंच लिही. सुधारायला जाऊ नकोस.

मला इथं उभं केलंय ते माझ्या नातीमुळे. तोंग रुइश्वे. टेनिस खेळते. साऱ्या जगाच्या यादीत आज तिचा नंबर अठ्ठ्याहत्तर आहे, आणि माझं वयही अठ्ठ्याहत्तर आहे. पुढच्या वर्षी माझा आकडा वाढणार आणि तिचा उतरणार, असं गेंग सर म्हणतात. ती आज इथं यायला हवी होती, पण समुद्रापलीकडे तिचा सामना आहे. परवा फोनवर म्हणाली, "आजी, सरांना रडवू नकोस. पण ते सांगून टाक. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

तेव्हा मी आज दोन कामं घेऊन आले आहे. एक, सरांना निरोप. दुसरं जरा अवघड आहे. या वर्षी शाळेत घ्यायच्या मुलांची यादी सोमवारी लागणार, आणि तिच्यावर गेंग सरांची नोकरीतली शेवटची सही व्हायची आहे. ती सही होण्याआधी मला काहीतरी कबूल करायचंय. चौदा वर्षं पोटात ठेवलंय, बाहेर यायला वेळ लागेल. साहेब, घड्याळ खिशात ठेवा.

गेंग सर मुलं कशी निवडतात ते तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. ते मुलाचं तोंड पाहत नाहीत, बापाचा हुद्दा पाहत नाहीत, हे मात्र खरं. ते खिशातून मोजपट्टी काढतात आणि पाय मोजतात. पाय मोठा, तर पुढं उंची येणार. उंची येणार, तर मुलगी नेटच्या वरून चेंडू हाणणार. मागं हा फलक लावलाय ना, कुओकुओनं मघाशी वाचून दाखवला: 'पाय पाहून खेळाडू ओळखणारी नजर'. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. माझ्या नातीचे कुणालाच दिसले नाहीत, कारण ते जोड्यात होते.

चौदा वर्षांपूर्वीचा डिसेंबर. गावच्या शाळेच्या अंगणात चाळीस मुलं रांगेत उभी केली होती. हौदावर बोटभर बर्फ. जोडे काढा म्हटलं तर आयांनी सरांनाच हौदात घातलं असतं, म्हणून त्यांनी जोड्यांवरूनच मोजलं आणि अंदाजानं अंगठाभर वजा केलं. रुइश्वेपाशी आले, एकदा मोजलं, पुन्हा मोजलं आणि ओरडले, "ही कुणाची पोर?"

मी पुढं झाले. "माझी नात. काय केलं तिनं?"

"काकू, ही एक मीटर ऐंशीपर्यंत जाणार! पाय पाहा तिचे!"

मी पाहिले. मला काय पाहायचे होते, जोडे मीच शिवले होते. तिचे आईबाप दक्षिणेत कारखान्यात, वर्षातून एकदा येणारे, पोर माझ्यापाशी. चिंध्यांवर कणकेची खळ लावून थर चिकटवायचे, ते उन्हात वाळवायचे, मग आरीनं भोकं पाडून तागाच्या दोऱ्यानं तळवा शिवायचा. एका जोडाला माझा अर्धा महिना जातो. एवढे कष्ट करून पायाच्या मापाचा जोड कोण शिवेल? पोरीचा पाय वाढतच असतो. म्हणून जोड तीन वर्षं पुढचा शिवायचा आणि पुढं कापूस कोंबायचा. पाय वाढला की कापूस कमी करायचा. आमच्याकडे सगळ्याच म्हाताऱ्या असं करतात. मागच्या रांगेत माना डोलताहेत बघा.

सरांचा गैरसमज माझ्या तेव्हाच लक्षात आला. मग मी बोलले का नाही? कारण पुढच्याच वाक्यात ते म्हणाले, "शाळेत दुपारी रोज मांसाचं जेवण आहे." मी तोंड मिटलं आणि पोरीच्या पाठीवर थाप मारली. "जा."

रुइश्वेला मी बजावलं, शाळेचे बूट मिळतील ते मोठेच माग. तिनं मागितले, पुढं कापूस घातला. आणि वाट पाहणं सुरू झालं. ती आठची झाली, दहाची झाली, बाराची झाली. उंची काही येईना. गेंग सर दर महिन्याला तिला दाराच्या चौकटीपाशी उभी करून खूण करायचे, आणि नवी खूण जुनीवरच पडायची. पण सरांचा धीर दांडगा. "पाय आधी येतात," ते म्हणायचे, "उंची मागून येते. थांबा." आणि मग दोष कुणाचा? माझा! भर बाजारात, भाजीवालीसमोर मला म्हणाले, "काकू, पाय एवढे मोठे आणि अंगाला वाढ नाही! तुम्ही सुट्टीत पोरीला उपाशी ठेवता." मी खालमानेनं ऐकून घेतलं. आज हिशेब चुकता करते, सर. मी तिला कधी उपाशी ठेवली नाही. ती आमच्या घराण्याच्या मापाचीच आहे. आम्ही सगळ्याजणी कोंबडीहून थोड्याच उंच.

पण एक गंमत झाली. मोठ्या जोड्यात लांब ढांग टाकली की जोडा पायातून उडतो. लहानपणी रुइश्वे कोंबड्यांमागं धावायची, जोडा चिखलात जायचा, आणि घरी आल्यावर लाटणं तिची वाट पाहत असायचं. म्हणून ती बारीक बारीक पावलं टाकायला शिकली. एका उडीच्या जागी पाच पावलं, तीही जमिनीला धरून. टेनिसमध्येही तशीच खेळायला लागली. मी एकदाच तिचा सामना बघायला गेले, प्रांताच्या राजधानीला, जीनानला. समोरची मुलगी दारात वाकून शिरावी एवढी उंच. तिनं चेंडू इकडे मारला, आमची तिथं. तिकडे मारला, आमची तिथंही. चौथ्या वेळी ती उंच मुलगी कमरेवर हात ठेवून नुसती बघत राहिली. प्रांताच्या संघाचे एक प्रशिक्षक मागं बसले होते. त्यांनी गेंग सरांना विचारलं, "ही पावलं तिला कुणी शिकवली?"

सर छाती फुगवून म्हणाले, "पाय मोठे आहेत ना, त्यामुळे तोल."

मी माझ्या रुमालात तोंड लपवलं. सरांना वाटलं, मी आनंदानं रडतेय.

पंधराव्या वर्षी ती बाहेरगावी खेळायला जाऊ लागली. फोन होता, पण पोरगी फोनवर खोटं बोलते. हरली तरी "छान झालं आजी, जेवलीस का?" मी सरांना म्हटलं, मला खरं काय ते कसं कळणार? कागद पाठवलात तर तो मी उलटा लावीन. तेव्हा सरांनी युक्ती काढली. शाळेच्या खानावळीतला वाफेवरचा एक पाव सकाळच्या बसनं ड्रायव्हरच्या हाती पाठवायचे. पोरगी हरली तर कोरा. जिंकली तर मांस आणि कांद्याची पात भरलेला. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. ड्रायव्हर खिडकीतून पाव द्यायचा, आणि सगळी बस खोळंबून माझ्या पहिल्या घासाकडे बघायची.

पहिल्यांदा तिचं नाव जगाच्या यादीत आलं तेव्हा सर स्वतः पाव घेऊन आले. "काकू, अकराशे चौदावी!" मी म्हटलं, "अरे देवा, आपल्या गावात एवढी माणसंही नाहीत. शेवटून पहिली आली का?" सर हसले. "काकू, हा आकडा जितका लहान, तितकी मुलगी मोठी." हे वाक्य तुमचं आहे सर. सांभाळून ठेवा, मी परत मागणार आहे.

मग सहाशे चाळीस झाली. मग सतरावं वर्ष लागलं आणि त्या वसंतात सात पाव कोरे आले. ओळीनं सात. सातव्याला ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलंच नाही, पाव दिला आणि गाडी काढली. प्रांताच्या संघानं तिला मधल्या काळात घेतलं होतं, तिथून निरोप आला की पोरगी बुटकी आहे, यापुढं वाढणार नाही, घरी न्या. गेंग सर दुसऱ्या दिवशी जीनानला गेले आणि तिथल्या साहेबांसमोर म्हणाले, "एक वर्ष द्या. पाय मोठे आहेत तिचे. नाही वाढली तर माझं नाव तुमच्या यादीतून काढा."

त्या यादीत सरांचं नाव होतं, मंडळी. प्रांताच्या संघात त्यांची नेमणूक व्हायची होती. वहिनींनी तिकडच्या घरासाठी पडद्यांचं कापडसुद्धा घेतलं होतं.

मला हे ड्रायव्हरनं सांगितलं. मी रुइश्वेचे ते बालपणीचे जोडे पिशवीत घातले आणि सरांच्या खोलीत गेले, सगळं सांगून टाकायचं म्हणून. सरांनी चहा ओतला. म्हणाले, "काकू, घाबरू नका. पाय खोटं बोलत नाहीत." मी चहा प्यायले आणि पिशवी न उघडता परत आले. पायांचं मला ठाऊक नाही, सर. मी मात्र तोंड न उघडता खोटं बोलले होते.

त्या वर्षात रुइश्वे तसूभर वाढली नाही, पण जिंकायला लागली. आठवा पाव भरलेला आला. नववाही. दोनशे बारा, मग एकशे चाळीस, मग ज्या मोठ्या स्पर्धांची नावं मला घेता येत नाहीत तिथल्या चाळणीतून ती पार झाली. मग तिला घरी न्या म्हणणारे तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढायला लागले. सर मात्र तालुक्यातच राहिले. बुटक्या पोरीसाठी हट्ट धरणारा माणूस तिकडे कुणाला हवा होता? पडद्यांच्या त्या कापडाच्या वहिनींनी गाद्यांच्या खोळी शिवल्या.

हे पाहा ते जोडे. बाई, तू लिहायचं थांबव आणि बघ. हा उजवा. यातून हा कापूस निघाला. हा डावा, हा त्यातला. इतकी वर्षं होऊनही कापूस पांढरा आहे, माणूस काळवंडतो. सर, तुम्ही उठू नका... उठलेच. मोजपट्टीही काढली! निरोपाच्या दिवशीही ती खिशात? मोजा. आतून मोजा. काय म्हणता, मोठ्यानं बोला, मागच्यांना ऐकू जात नाही.

ते म्हणतात, "काकू, दोन बोटं!"

दोन बोटं, सर. तुमचं अंगठाभर वजा जाऊनही भरपूर उरलं.

आता विचारताहेत, "म्हणजे ती लहानच होती?" लहानच होती. आजही लहानच आहे. समोरचीला ते सामना संपल्यावर कळतं.

बसा, सर. पाणी द्या त्यांना कुणीतरी.

मी तुमची बढती घालवली. त्याची माफी एका भाषणात मागता येत नाही, ती मी हयातभर मागत राहीन. पण एक सांगा. तुम्ही चुकीचं माप घेतलंत, आणि त्या चुकीच्या मापावर दहा वर्षं थांबलात. रोज पहाटे तिच्यासाठी चेंडूंची टोपली ओढत मैदानावर आलात. ते थांबणं कोणत्या पट्टीनं मोजायचं? खेळाडू पायानं घडली की तुमच्या थांबण्यानं?

आता कुओकुओ. ल्वू कुओकुओ, तीच, तिसऱ्या रांगेत आईच्या मांडीवर. माझ्या घरामागं धान्याच्या गोदामाची भिंत आहे, तिच्यावर ही पोर सकाळ-संध्याकाळ चेंडू मारते. नववर्षाच्या सुट्टीत रुइश्वे तिच्याशी खेळली आणि मला म्हणाली, "आजी, ही एकही चेंडू सोडत नाही." मी तिलाही मोठे जोडे शिवले, कापूस भरून. होय शांगबाई, पुन्हा फसवणार होते. पण आता तुम्ही सभागृहात गरम हवेची यंत्रं बसवलीत आणि मुलांचे जोडे काढायला लावलेत! पाय दोन बोटं कमी भरला, आणि तिचं नाव खोडलं गेलं. त्या दिवसापासून भिंत गप्प आहे.

सर, आकडा जितका लहान तितकी मुलगी मोठी, असं तुम्हीच मला शिकवलंत. मग पायाच्या आकड्यानं काय घोडं मारलंय? मी तिला घ्याच असं म्हणत नाही. तिला भिंतीसमोर उभी करा, पट्टी खिशात ठेवा आणि चेंडू मोजा. एवढंच. उद्या रविवार आहे, भिंत कुठं जात नाही.

सर, तुम्ही मुलाकडे किनाऱ्यावर राहायला जाताय. मासे खा, नातवंडांचे पाय मोजू नका. शांगबाई, साहेब, तुम्ही म्हातारीचं एवढं ऐकलंत, तुमचे आभार. बोलण्यात कुणाला टोचलं असेल तर माझा हात आरीचा आहे, टोचायची सवय जात नाही, पोटात घाला. आणि सर, चौदा वर्षांची ती गोष्ट या माफीत धरू नका. ती वेगळी मागेन, तुमच्या घरी येऊन.

राहिली सोमवारची यादी. ती भिंतीवर लावा, पण मला कागद पाठवू नका, मी तो पुन्हा उलटा लावीन. सकाळच्या बसनं पाव पाठवा. कोरा आला तरी खाईन, तुमच्यावर रागावणार नाही. पण भरलेला असेल तर एक नको, दोन पाठवा, दुसरा कुओकुओला. आणि खानावळवाल्याला सांगा, मांस सढळ हातानं घाल, आणि पात वर भुरभुरू नकोस. आत भर, म्हणजे पहिल्या घासाला कळेल.