साठ हजारांत काय काय येतं

मंडळी, लढाई कोण जिंकलं हे सगळेच विचारतात. लढाईला किती लागलं, हे कोण विचारतं? ऐका तर.

डोंगरातलं लहानसं राज्य. राजे रायाजी, वय बावीस. शेजारच्या राजानं नदीकाठचं कुरण बळकावलं. रायाजी भडकले. दरबार त्यांच्याहून भडकला — दरबाराला काय, लढायला थोडंच जायचंय!

राजांनी म्हाताऱ्या खजिनदाराला विचारलं, "केशोपंत, मोहिमेला किती लागेल?"

"साठ हजार, महाराज."

"बरं, काढा."

भाजीला पैसे मागावेत, तसं! लहानपणी राजांना अंक पंतांनीच शिकवलेले. पण हा आकडा पोराला कळलाच नव्हता. आता बोललो तर भित्रा ठरेन, नोकरीही जाईल. तरी ते म्हणाले, "काढतो. आधी माझ्यासोबत सावरगावला चला. साध्या कपड्यांत."

सावरगावच्या तळ्यावर हिराई नावाची म्हातारी घागर भरत होती. पंतांनी विचारलं, "बाई, तळं नव्हतं तेव्हा पाणी कुठून आणायचात?"

"दोन कोसांवरून, बाबा. थोरली सून सातव्या महिन्यात घागरीसकट घाटीत पडली. आई-बाळ दोन्ही गेली." तिनं भरलेली घागर काठावर ठेवली. "धाकटीच्या वेळी थोरल्या राजांनी तळं बांधलं. नातू पाच वर्षांचा आहे आता." मग रायाजींकडं बघून म्हणाली, "दमलास का रे? पाणी पी."

राजे ओंजळीनं पाणी प्याले. मग हळूच विचारलं, "पंत, या तळ्याला किती लागले?"

"चार हजार."

"म्हणजे साठ हजारांत…"

पंतांनी उत्तर सांगितलं नाही. शिकवतानाही सांगत नसत. राजांनी बोटांवर हिशेब केला. "पंधरा. आणि पाण्यावाचून गावं किती?"

"एकवीस, महाराज."

मोहीम थांबली. तह झाला. अर्धं कुरण गेलं ते गेलंच. दरबारात कुणी कुणी हसलं, ते राजांना लागलंही. पण पहिल्या नव्या तळ्यात पाणी आलं, त्या दिवशी त्यांनी पंतांचा हात धरून त्यांना एकेक पायरी जपून उतरवलं.

आता तुमच्याकडं वळतो. पारावर बसून म्हणता ना, "एकदा होऊनच जाऊ द्या लढाई"? कधी लढावंही लागतं, मंडळी. पण काय देऊन लढतोय, हे ठाऊक नको? सांगा बरं, आपल्या गावाला काय काय हवंय? शाळेला छप्पर? दवाखान्यात सुईण? बोला, लाजू नका — मागच्या बायांचं मला ऐकू आलं नाही.