डावा सात, उजवा सहा

— तसं नाही बाई, जोड फोडून देत नाही असं मी म्हटलंच नाही. डावा सात आणि उजवा सहा मागितला तर दुकानदार आपल्याला वेड्यात काढेल, असं वाटलं ना? बघितलं मी, दारापर्यंत येऊन दोनदा मागे फिरलात. अहो, या सगळ्या बाजारात जोड फोडणारा मी एकटाच. एक हेडक्लार्क येतात आपल्याकडे, त्यांचा उजवा पाय जन्मापासून एक नंबर मोठा. आणि एक शिंपी आहे, त्याचा डावा मोठा. मग काय — आठचा एक जोड, नऊचा एक जोड, दोन्ही फोडायचे आणि दोघांत वाटायचे. बावीस वर्षं चाललंय. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, पण व्याही असल्यासारखी चौकशी करतात — शिंपीबुवांचा जोड झिजला का हो, की अजून थांबू? मागे शिंप्याला तपकिरी हवा होता आणि साहेबांना काळा. मी दोघांनाही सांगितलं, यंदा काळाच निघालाय. धंद्यात एवढं खोटं चालतं. एवढंच चालतं.

बसा. त्या बाकावर नको, त्याला पाठ नाही — या खुर्चीत बसा, आणि हा स्टूल घ्या पायाखाली. पायावर पाय नका टाकू, दोन्ही सरळ सोडा. मधली सुटी का? म्हणजे अर्धा तास. दोन वाजता परीक्षेच्या वर्गात उभं राहायचं आणि जुन्या सँडलचा पट्टा डाव्या पायाला लागतच नाही — असंच ना? कळतं हो. चाळीस वर्षं लोकांच्या पायाशी बसतोय मी. बायको म्हणायची, तुम्हाला माणसाचं तोंड आठवत नाही, पाय आठवतो. खरंच आहे ते. मागे आला होतात तेव्हाचं तुमचं तोंड मला आठवत नाही, रागावू नका, पण उजव्या करंगळीवरचं हे कुरूप आठवतं. थांबा, जरा खुर्चीचा हात धरून खाली बसतो. सकाळपासून अकराव्यांदा. बसायचं काही नाही हो, उठायचं जिवावर येतं.

हां, आता आठवलं. पोटऱ्यांत गोळे येतात म्हणाला होतात. पहाटे पहाटे येतात, ओरडत उठते, नवरा घाबरून सगळे दिवे लावतो नि मला धरायचं सोडून चष्मा शोधतो — तुम्हीच सांगितलं होतं. आणि मी सांगितलं होतं, गोळा आला की पाय ताणताना बोटं पुढे काढायची नाहीत, उलट स्वतःकडे ओढायची आणि टाच पुढे रेटायची. मग उठून चार पावलं टाकायची, गरम पाण्याची पिशवी ठेवायची. आणि तो येऊच नये म्हणून झोपण्याआधी भिंत — भिंतीपासून हातभर लांब उभं राहायचं, तळवे भिंतीला, टाचा जमिनीला चिकटलेल्या, आणि ढकलायचं. भिंत जागची हलत नाही, पण पोटरी सुटते. पाणी भरपूर प्यायचं. तासभर एका जागी खांबासारखं उभं राहायचं नाही, फळ्याशी उभं असलं तरी टाचा वरखाली करत राहायच्या, पोरं हसली तर हसू देत. टाच सपाट, पुढचा भाग ऐसपैस. आणि गोळ्या डॉक्टरांना विचारून, शेजारणीच्या डब्यातून नाही. — गुण आला म्हणता? येतोच. ऐंशी जणींना सांगितलं असेल मी आजवर. मग आता काय झालं परत?

भिंतीनं जात नाही? — म्हणजे येतो नि जात नाही, की गेलाच नाही मुळी? गेलाच नाही. किती दिवस? चार. चार दिवस सलग. बरं. आणि दोन्ही पायांत की — एकाच. डाव्याच. बरं. नाही, काही नाही, मी आपलं विचारतोय. पाय द्या इकडे. हा उजवा — सहा. दोन महिन्यांपूर्वीही सहाच होता, पट्टा तिसऱ्या भोकात बसवला होता मी, आजही तिसऱ्यातच जातो. बघा, जरा घट्ट, पण जातो. आता डावा. हळू. — सातशिवाय जाणार नाही, खरं. पण सात हे लांबीचं माप झालं बाई, आणि तुमच्या पायाची लांबी वाढलेलीच नाही. हे बघा, मापाच्या फळीवर अंगठा तिथेच आहे. हा पाय वरून भरलाय. पट्टा शेवटच्या भोकातसुद्धा जात नाही. आठवा महिना तुमचा, पाय सुजतात, मान्य, पण दोन भाऊ असल्यासारखे सुजतात, एक जरा पुढे, एक जरा मागे. एकानंच सगळी सूज घेतली आणि दुसरा कोरडाच राहिला, असं — हात लावू का पोटरीला? बोट टेकवतो फक्त. ... गरम आहे. तुम्हाला नाही जाणवलं? रंगही बघा, या बाजूला लालसर, त्या बाजूला नाही. नाही नाही, तुम्ही नका दाबू. कोण चोळतं घरी? यजमान. रोज संध्याकाळी, कोमट तेलानं. चांगला माणूस आहे. आजपासून चोळायचं नाही, सांगा त्यांना.

आणि मला सँडल द्यायची नाही तुम्हाला. — असं बघू नका. आहे की, सातही आहे, सहाही आहे, हात लांब केला की मिळेल. द्यायची नाही. तुम्ही आता शाळेत नाही जायचं, इस्पितळात जायचं, मोठ्या, जिथे पायाची सोनोग्राफी होते तिथे. आत्ता. — गुरुवारी तपासणी आहे, हो, गुरुवार आज नाही ना पण. — सासूबाई म्हणतात सगळ्यांच्याच पायांना सूज येते. सासूबाई चुकीचं नाही बोलत बाई, त्यांनी नुसतं पाहिलं असेल, मी मोजलंय. — परीक्षा, पस्तीस मुलं, बदली कोण देणार. पस्तीस मुलांना एक दिवस कॉपी करायला मिळेल, तुमचा आशीर्वाद घेतील. — तुम्हाला वाटतंय म्हातारा भाव खातोय. किंवा उगाच डॉक्टरकी करतोय. वाटू दे. मी डॉक्टरकी केली तेव्हाच तर —

जाऊ दे. नाही, जाऊ दे कसं म्हणू, तुम्ही उठायलाच लागलात. बसा, दोन मिनिटं बसा. सांगतो.

माझी सून इथे काम करायची, या दुकानात. त्या गल्ल्यावर. बसायची कसली, उभीच असायची. आम्ही तिला वकीलबाई म्हणायचो — गिऱ्हाइकानं एक शंका काढली की ही तीन काढायची, मग गिऱ्हाईकच दमून जोड घेऊन जायचं. सातव्या महिन्यात तिला गोळे यायला लागले. भिंत मीच शिकवली — मला एका नाचणाऱ्या बाईनं शिकवली होती, तिच्या पोटऱ्या म्हणजे वेताच्या छड्या. सुनेला गुण आला. आला म्हणजे काय, येईल त्याला सांगायला लागली, आमच्या बाबांना डॉक्टरपेक्षा जास्त कळतं. आणि मी, सातवीत शाळा सोडलेला माणूस, ते ऐकून घ्यायचो. काहीतरीच काय, असं म्हणायचो, पण ऐकून घ्यायचो. मग एक दिवस म्हणाली, बाबा, डाव्या पोटरीतला गोळा उतरतच नाहीये. मी म्हटलं, भिंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, तू नीट करत नसशील, टाचा उचलत असशील. तिसऱ्या दिवशी तिची चप्पल डाव्या पायात जाईना. तेव्हा मी काय केलं माहितीय? खाली बसलो, असाच, माप घेतलं, आणि दोन खोकी उघडून जोड फोडला. डाव्याला मोठी, उजव्याला होती तीच. ती दारापर्यंत चालून आली नि म्हणाली, बाबा, जादू आहे. मला काय वाटलं असेल सांगा? केवढं काम केलं आपण. त्या दिवशी चार गिऱ्हाइकांना सांगितलं मी ते. हसत हसत सांगितलं.

चौथ्या दिवशी दुपारी ती गल्ल्यापासून दारापर्यंत गेली आणि दाराची चौकट धरून थांबली. म्हणाली, श्वास पुरत नाहीये. मी म्हटलं, आठव्या महिन्यात सगळ्यांनाच धाप लागते, बस जरा, पाणी पी. पाणी पी म्हटलं मी तिला. तिनं पेला धरला आणि तो धरवेना. — पायात रक्ताची गाठ धरली होती. गोळा नव्हताच तो. त्या गाठीचा तुकडा सुटून छातीत गेला. पोर घाईनं काढलं, आणि ती बारा दिवस इस्पितळात काचेच्या पलीकडे. — नाही नाही, रडू नका बाई. जगली. दोघंही जगली. बारा दिवस मुलगा नि मी एकाच बाकावर बसलो, त्यानं मला चहासुद्धा आणून दिला. तेराव्या दिवशी एवढंच म्हणाला, बाबा, तुम्हाला दिसलं होतं. मला नव्हतं दिसलं, म्हणाला, डॉक्टरांपुढे तर पायाचा विषयच निघाला नव्हता. तुम्ही माप घेतलं होतं. — आता ते लांब राहतात. ती करते फोन, अजूनही माझ्याशी भांडते, औषधं घेतली का म्हणून. तो नाही करत. नातू साडेतीन वर्षांचा आहे. त्याच्या पायाचा नंबर मला माहीत नाही.

हे सगळं सांगायचं नव्हतं तुम्हाला. पण खरं सांगू का, एक गोष्ट मागेच सांगायला हवी होती. दोन महिन्यांपूर्वी तुम्ही इथेच बसला होतात नि मी भिंतीचं सांगत होतो, तेव्हा त्याच्या पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं. की बाई, आला नि गेला तर गोळा. एकाच पायात बसून राहिला, सुजला, तापला, तर भिंत नाही, तेल नाही, सरळ दवाखाना. इतकं लहान वाक्य. पण ते बोललं की लोक विचारतात, तुम्हाला हो कसं माहीत? दुकानात गर्दी होती. मी खोकं बांधलं नि तुम्हाला दिलं. चार दिवस तुम्ही भिंत ढकलत बसलात, ते माझ्यामुळे.

गाठच आहे असं मी म्हणत नाही. नसेलही. मला नाही कळत, आणि मला कळत नाही हे कळायला चाळीस वर्षं लागली. — श्वास कसा आहे तुमचा? छातीत दुखतं का? आता बोलताना? नाही. नक्की? सकाळी शाळेचा जिना चढलात ना, तेव्हा नेहमीपेक्षा जास्त थांबायला लागलं? एकदा. बरं. मग उठूच नका, मी टॅक्सी दाराला लावायला सांगतो. — अहो भाऊ, इकडे घ्या, अगदी पायरीला. बाईंना मोठ्या इस्पितळात सोडायचंय, धक्के न देता, पण रमतगमत नाही. — यजमानांना फोन लावा, तिकडेच या म्हणावं, चष्मा घरी राहिला तरी चालेल. शाळेत मी जातो सांगायला, समोर तर आहे. मुख्याध्यापकांचा पाय नऊ नंबर, माझं ऐकतील. आणि तिथे गेल्यावर रांगेत बसायचं नाही. खिडकीवरच सांगायचं — आठवा महिना, चार दिवस, एकच पाय. लाजायचं नाही, पाय दाखवायचा. तुम्हाला पाठ झालंय ना? म्हणून दाखवा. — हां.

माझ्या हाताला धरा. डाव्यावर भार नको. जुनीच घाला, डाव्याचा पट्टा मोकळा सोडा, दोन पावलांचा तर प्रश्न आहे. काही नाही निघालं तर उद्या या, वर्गासमोर बोलता तसं बोला मला, म्हातारा बावळट आहे म्हणा, मी ऐकून घेईन, सातचा नि सहाचा जोड बांधून देईन. आणि निघालं काही — तर तुम्ही येऊ नका. यजमानांना पाठवा. त्यांनी आत नाही आलं तरी चालेल, दारातून नुसती मान हलवली तरी मला कळेल.

जा पोरी. दार लाव. हो भाऊ, चला.