अनुपमाची चार पानं

मुलुंडला मनाच्या डॉक्टरांकडे रुक्मिणीबाई नंबर लावून बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक आई आणि तिची लाजाळूच्या पानासारखी मिटलेली तरणी लेक.

"काय होतंय गो बाय तुला?" रुक्मिणीबाईंनी लेकीला विचारलं.

"उदास असते हो," आई म्हणाली. "सहा महिने झाले. जेवत नाही, बोलत नाही."

"नाव काय तुझं?"

"अनुपमा. गावी देवीला कौल लावला, तोही हिच्या वतीनं मीच. गुरव म्हणाले, पोरीला बोलती करा."

"मग?"

"मग काय, दिवसभर बोलतेच आहे मी! हिच्या बाबांची गिरणी बंद पडली तेव्हापासून घरात बोलायचं काम माझ्याचकडे."

"आणि डॉक्टर?"

"म्हणाले, तिच्या मनातलं तिला लिहून आणू दे. ही बघा, चार पानं झाली."

"हिनं लिहिली?"

"छे, मी! हिला कुठलं सुचतंय?"

आतून हाक आली, "अनुपमा!"

आई पदर सावरून उठली.

लेकीनं तिच्या हातातली पानं घेतली, नीट घडी घातली आणि तिच्याच पिशवीत ठेवली.

"तू बस, आई. आज माझ्या वतीनं मी जाते."