पाटीची वायर

नाही नाही, तो मोठा ठेवून द्या — बावीस इंची ना तो? तो माझा बघून झालाय, वहीत आहे, हे बघा, पान चार, पुढे फुली. तो ठेवला तर आमच्या टेबलावर — माझ्या टेबलावर — चहाचा कपसुद्धा मावणार नाही, आणि त्या टेबलाचा एक पाय आधीच आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी ठेवलीय, एवढं वजन त्याला सोसायचं नाही. आणि किंमत! अहो, तेवढ्यात नवं टेबल, नवी खुर्ची आणि बसून चित्र काढायला एक माणूसही मिळेल. तो काळा, बिनपडद्याचा? सगळ्यात स्वस्त तोच, मान्य — पान एक — पण त्यात हात इथे फिरवायचा आणि बघायचं तिकडे कॉम्प्युटरकडे. मी केला प्रयत्न एकदा. बाळाला भरवताना टीव्ही बघावा तसं झालं, घास कानात. मला जिथे पेन टेकेल तिथेच रेघ दिसली पाहिजे. तेव्हा राहिले दोन, हा तेरा इंची आणि तो सोळा. तेवढे लावून द्या, म्हणजे माझा वेळ वाचेल आणि तुमचाही. हसू नका, तीन आठवडे लागलेत ही वही करायला. एकोणीस रकाने आहेत.

काय काढते? वांगी. — अहो, खरंच. वांगी, टोमॅटो, भोपळे, मटार, कोबी. बियाण्यांची पाकिटं बघितलीत ना कधी, वर भाजीचं चित्र असतं? ते कोणीतरी काढत असेल असं कोणाच्या डोक्यातच येत नाही. लोकांना वाटतं फोटो आहे. फोटोत वांग्यावर डाग येतो, पानाला भोक दिसतं, उजेड भलतीकडून पडतो — आणि कंपनीला हवं असतं असं वांगं की बघणाऱ्याला वाटावं, आपल्या परसातही अस्संच लागणार. लागत नाही, ते सोडा. अठरा वर्षं झाली या कामाला. कागद, शाई, रंग. आता कंपनीत नवे साहेब आलेत, त्यांना कागद नको, फाइल पाहिजे — रेघ वेगळ्या थरात, रंग वेगळ्या थरात, म्हणजे उद्या जांभळ्याचं हिरवं वांगं करायचं झालं तर त्यांना बसल्याजागी करता येईल. सोमवारी पहिली फाइल द्यायचीय. म्हणून ही पाटी. मी आपली पाटीच म्हणते, तुमचं ते ‘पेन डिस्प्ले’ म्हणता म्हणता माझी दाढ दुखते. — दाढेवरून आठवलं, किती वाजले? मग आहे वेळ.

लागला? द्या ते पेन. अरे वा, हलकं आहे. याला चार्जिंग लागत नाही ना? — छान, रकाना सहा. आणि हे दाबाचं काय, याच्या खोक्यावर आठ हजार पायऱ्या, त्याच्या खोक्यावर सोळा हजार? दादा, खरं सांगा, सोळा हजार प्रकारांनी दाबणारा माणूस बघितलाय तुम्ही? मला तीन प्रकार येतात — हळू, नेहमीचं आणि रागावल्यावर. आठ हजारांत माझं भागेल. हां, हे महत्त्वाचं, थांबा, रेघ ओढू द्या. टोक आणि रेघ यांत फट नको मला. त्या कोपऱ्यावरच्या दुकानात एक दाखवला, त्याची काच इतकी जाड की टोक इथे आणि रेघ केसभर पलीकडे, टोमॅटोला देठ लागेचना, आपला हवेत. याची काच पडद्याला चिकटवलेली आहे ना? दिसतंयच, अगदी टोकाखाली उमटतंय. खरखरीतही आहे, कागदासारखी, चकाकत नाही — म्हणजे टोक झिजणार. सुटी टोकं किती देता? दहा? लिहिते. आणि हा काय, दोनच बोटांचा हातमोजा? बाकीची बोटं उंदरानं खाल्ली? — तळवा घसरावा म्हणून होय. बरं बरं, तुम्ही सांगाल ते खरं. कॉम्प्युटरला जोडावा लागतो ते ठाऊक आहे, लॅपटॉप आहे घरी — पुतणीचा, ती नोकरीला बाहेरगावी गेली तेव्हा नवा घेऊन गेली, जुना आमच्यासाठी ठेवला. गुणी आहे पोरगी. आईवर गेलीय.

एक मिनिट, फोन. — हॅवो... हॉ... हॉ गं... नाही, अजून नाही काढली... बधिर केलंय, बोलवत नाही... हॉ, पातळच खाईन... ठेव, डॉक्टर बघतायत. — असे बघू नका माझ्याकडे. घरी सांगितलंय, दाढ काढायला चाललेय म्हणून. धाकटी होती. धाकटी म्हणजे माझी जाऊ, दिराची बायको. पुतणीची आई. तिला वाईट वाटू नये म्हणून... म्हणजे तिला एकदम आयतं दाखवावं म्हणून. नवी वस्तू आहे, उगाच आधीपासून चर्चा — जाऊ द्या. तो सोळा इंची लावा ना, कशाला उभे आहात.

ऐसपैस आहे हा. हे बघा, वांगं. टोपी आधी काढायची, मग देठ, मग पोट — पोट आधी काढलं की टोपी कायम उसनी आणल्यासारखी दिसते. झालं. मिनिटही लागलं नाही. — अरे! हे काय केलंत? कुठे टिचकी मारलीत? सगळं जांभळं झालं की हो. एका टिचकीत. रेघेच्या बाहेर एक थेंब नाही... काढा ते. नको, आधी काढा. रागावले नाही, पण काढा. हे वांगं नाही दादा, हे वांग्याच्या आकाराचं झाकण आहे. वांगं असं सपाट असतं? टोपीची कड उचलून बघा एकदा — तिथे उजेड पोचत नाही, तिथे ते पांढरं राहतं, हिरवट पांढरं, नखाएवढं. आणि पोटावरची चकाकी पांढरी नसते, सगळे पांढरी करतात. ती निळसर असते, कारण ती खिडकीची असते. हे मला कोणी सांगितलं? धाकटीनं. रंग तिचे असतात. हो, म्हणजे... रेघ माझी आणि रंग तिचे. पहिल्यापासून. मी रंगात हात घातला की टोमॅटोचा बटाटा होतो. एकदा तिला ताप होता म्हणून एक गाजर मी भरलं, तर जुन्या साहेबांचा फोन आला — घरी सगळं ठीक आहे ना?

टेबल एकच आहे आमचं. मी खिडकीच्या बाजूला, ती समोर. माझी रेघ झाली की कागद असा फिरवायचा, तिच्याकडे तोंड करून, आणि आपण पुढचा घ्यायचा. त्यामुळे गंमत काय, इतक्या वर्षांत मी एकही भाजी रंगताना सुलटी बघितलेली नाही, सगळ्या आपल्या डोक्यावर उभ्या. मध्ये आमचे हे आणि दीर पाण्याच्या टाकीवरून सहा महिने बोलत नव्हते. मग आम्हीही बोलत नव्हतो, घरची रीत म्हणून. पण कागद फिरत होता. त्या सहा महिन्यांतला भोपळा अजून छापतात.

मग तिला का नाही आणलं? — बरं विचारलंत. तुम्हाला काय, पाटी विकायची की पंचायत करायची? ... अहो, ते नवे साहेब म्हणाले, आता पडद्यावर सगळं सोपं आहे, एका चित्राला दोन-दोन माणसं कशाला? आणि मला विचारलं, यातले रंग कोण भरतं? मी म्हटलं — मीच. शपथेवर सांगते, ‘आम्ही’ म्हणायलाच तोंड उघडलं होतं. आणि बाहेर पडलं ‘मीच’. ती नव्हती ना त्या दिवशी, लेकीला गाडीत बसवून द्यायला गेली होती. असती तर मी असं म्हटलं असतं का? नसतं. नसतंच म्हटलं. घरी आल्यावर तिनं विचारलं, काय म्हणाले साहेब? मी म्हटलं, काही नाही, कागद जरा पातळ वाटतो म्हणाले. झालं! तेव्हापासून ती गावभर जाड कागद शोधत फिरतेय. काल दोन गठ्ठे घेऊन आली, स्वतः उचलून, तीन जिने. मला म्हणते, बोट लावून बघ, आता काय बिशाद आहे पातळ म्हणण्याची.

एक विचारू? यावर दोन पेनं चालतात का? एकाच वेळी — एक इकडून, एक तिकडून. — नाही. वाटलंच होतं. तो रकाना आखला होता मी, मग खोडला. उत्तर ठाऊक असताना कशाला.

बरं, तेरा इंची पुन्हा एकदा द्या, मघाशी नुसत्या रेघाच ओढल्या त्याच्यावर. तो सोळावाला छान आहे, पण त्याला मागे ते लोखंडी पाय आहेत, एकदा ठेवला की ठेवला, घरजावयासारखा हलायचा नाही. हा बघा कसा सुटसुटीत. हं, तुम्ही सांगा ते वॉरंटीचं, मी काढते, बोलण्याचा मला त्रास नसतो, सवय आहे. टोपी... देठ जरा वाकडा हवा, सरळ देठाचं वांगं खोटं वाटतं... पोट... इकडून जरा फुगीर... झालं. हं, घे गं.

...

अगंबाई. काळा पडला. बंद पडला का हो? मी काही नाही केलं, मी फक्त... काय केलं मी? फिरवला. वायर उपसली गेली. तुमच्याकडे तोंड करून फिरवला की मी तो! आणि तुम्हाला ‘घे गं’ म्हटलं? एवढे मिशीवाले तुम्ही... माफ करा हं.

मोडला नाही ना? लावा बरं वायर. — आलं. वांगं आहे अजून? कसं दिसतंय तिकडून? ... हो. मला इकडून नेहमीसारखंच दिसतंय. डोक्यावर उभं.

दादा, ही वायर किती लांब आहे? अंदाजे नको, मोजून. माझ्या पिशवीत टेप आहे, हा घ्या. एकोणीस रकाने आखले आणि वायरीची लांबी कुठेच नाही, बघा. एक मीटर? नाही पुरणार. लॅपटॉप खिडकीत, तिथून टेबलाच्या कडेनं येऊन पाटी पूर्ण फिरली पाहिजे, तिकडे आणि परत इकडे, दिवसातून तीसदा. दोन मीटरची मिळते? मग ती द्या. — बटणानं चित्र आतल्या आत फिरतं? फिरत असेल हो. पण समोर बसायला माणूस बटणानं कुठून आणू?

थांबा, एक फोन करते. — हॅलो. मी गं... नाही, दाढ जागेवर आहे. सगळी बत्तिशी जागेवर आहे... बधिर नाही केलेलं. ऐक आधी. मी पाटी घ्यायला आलेय, त्या फाइलीसाठी... कागद पातळ नाही गं. कागदाला कोणी काही म्हणालं नाही. साहेबांनी विचारलं रंग कोण भरतं, आणि मी म्हटलं मीच... हो. मीच म्हटलं... हॅलो? ... आहेस ना? ... सोमवारी तू चल बरोबर, तुझ्यासमोर सांगते त्यांना, ठेवतील काम नाहीतर नाही ठेवणार... काय? ... जांभळा ना, बरा दिसतोय. जरा लालसर मारतो. मला काय कळतंय त्यातलं, तूच ये आणि बघ... तो बसस्टॉपसमोरचा जिना, दुसरा मजला. चष्मा आण... हॅलो?

फोन ठेवायला विसरली, आणि चपला घातल्याचा आवाज आला. तिच्याच. डावी जरा फटफटते.

तेव्हा दादा, तुम्ही आता उठा. बाकीची गिऱ्हाइकं बघा, चहा घेऊन या, तिला अर्धा तास लागेल. पाटी चालू राहू द्या. आणि जाताना तुमची खुर्ची नेऊ नका — ती, त्या बाजूची.