दादाचं गळकं तळं

नाही, पण मला एक सांगा, तळ्याची गळती बुजवायला माणसाला असं किती डोकं लागतं? परसातलं तळं हो! दादानं स्वतःच्या हातानं बांधलेलं, मांडीभर खोल, त्यात त्याचे लाल मासे. दादा गेला... आणि त्यानंतर तिकडं बघतंय कोण? एक दिवस मागच्या दारात जाऊन उभा राहिलो, तर पाणी वीतभर खाली! घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही, कुणी कुणाशी धड बोलत नाही, आणि मासे? मासे आपले मजेत! तोंडं वर काढून खायला मागतायत! त्यांना कुणी सांगितलंच नाही ना.

मी म्हटलं, दादा गेला तो गेला, मासे नाही जाऊ द्यायचे. एकही नाही! घेतली पहार आणि लागलो काठ खणायला. तेवढ्यात दादाचा दोस्त आला, गवंडी. "अरे ए, ठेव ती! तळं दुरुस्त करतोयस की विहीर पाडतोयस? हे बघ, पाणी घालू नकोस. आपसूक उतरू दे. जिथं थांबेल, तिथं भोक. मासे उघडे पडायला लागले की काढ, तळ्यातल्याच पाण्यात ठेव. नळाचं ताजं पाणी नको, मरतील."

एवढं सोपं! मी खिळ्यानं काठावर रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी बघतो, पाणी रेघेवरच. तिसऱ्या दिवशी रेघेच्या वर! आता तुम्हीच सांगा, गळकं तळं चढतं का हो कधी? गवंडी डोकं खाजवतोय, "माझ्या उभ्या जन्मात असलं पाहिलं नाही." मासे आपले मजेत!

मग काय, उजाडायच्या आत बसलो लाकडांच्या ढिगामागं दबा धरून. पहिली आली वहिनी. पदराआड तांब्या. मग बाबा, हातात प्लास्टिकचा मग. आणि शेवटी आई... भरलेली बादली दोन्ही हातांनी ओढत! मी उडी मारून पुढं आलो. वहिनी म्हणते, "भावजी, तांब्याभरच घातलं हो." बाबा म्हणतात, "मी? मी कुठं? मी हात धूत होतो!" आणि आई म्हणते, "तो रोज सकाळी एक बादली घालायचा. एक दिवस चुकला नाही. माझ्या डोळ्यांदेखत त्याचं तळं आटलेलं मला नाही बघवत."

मी ओरडलो. तोंडाला येईल ते बोललो. "तुम्ही तळं भरलंत म्हणून तो उठून येणार आहे का?" सगळे आत निघून गेले. मी तिथंच बसलो, आणि मग मी... जाऊ द्या.

त्यानंतर कुणी थेंब घातला नाही. पाणी उतरलं, माशांच्या पाठी दिसायला लागल्या, मी चाळणीनं एकेक धरून न्हाणीघरातल्या पिंपात तळ्याचंच पाणी भरून सोडला. बाबांना कुठं आठवतंय! आंघोळीला बसले आणि तांब्या डोक्यावर ओतला तो माशासकट! "अरे, हे काय वळवळतंय!" मासे मजेत. बाबा मजेत नाहीत.

आणि भोक सापडलं! अगदी तळाशी. त्यात काय असेल? दादाच्या जुन्या चपलेचा तुकडा कोंबलेला! म्हणजे त्याला ठाऊक होतं! आणि आम्ही सगळीकडं सांगत सुटलो, काय माया त्याची तळ्यावर, रोज उठून पाणी घालतो! अरे माया कसली, गळत होतं म्हणून घालत होता! एवढा गवंडी दोस्त, पण सांगायचा कंटाळा! मी असा हसलो की वहिनी धावत आली, तुकडा बघून तीही हसली, मग दोघंही... हसतच होतो, असं धरा.

गवंड्यानं सिमेंट कालवलं. "वाळलं की दोन-तीनदा पाणी भरून काढून टाक, सिमेंटचा खार जाईल, मग सोड मासे. आता काळजी नको. पाणी घालायची कटकटच मिटली."

आई दारात उभी होती. म्हणाली, "मग मी सकाळी उठून करायचं काय?"

मी गवंड्याचा हात धरला. म्हटलं, "पार बुजवू नको. थोडं गळू दे."

त्याची थापी तशीच हवेत. आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "लोक मला गळती थांबवायला बोलावतात रे बाबा! बरं, किती गळू देऊ?"

म्हटलं, "रोज एक बादली."