पाटीवरची तिसरी ओळ

—नाही, फोटो दाखवू नका, पाटी समोरच आहे माझ्या. सुदर्शनभाऊ, हे सासऱ्यांचं नाव बघा, 'सदाशिव' — उभ्या रेषा खांबासारख्या जाड, वेलांटी केसाएवढी बारीक. कसं ऐटीत बसलंय, सोनाराच्या दुकानावर शोभेल असं! खाली नवऱ्याचं 'केयूर', तेही तसंच. आणि त्याखाली माझं 'स्वराली' — हे काय आहे? हे रेशन दुकानाचं अक्षर आहे! तिन्ही नावांना एकच फॉन्ट सांगितला होता ना मी? — उमा, हात नको लावू बाळा, कटर आहे तो — लहान आकारात तुटतो म्हणून बदललात? कुणाला विचारून? मला शिकवू नका हो, ही होण्याआधी मी हेच काम करत होते, पत्रिका, बोर्ड, सगळं. माहितीये मला, हा फॉन्ट मोठाच वापरायचा असतो, लहान केला की त्याच्या बारीक रेषा अ‍ॅक्रिलिकमध्ये टिकत नाहीत, कडकन जातात. मग मोठं करायचं होतं! — मापं कुणी दिली? मी? …हो, म्हणजे, डिझाइन मीच पाठवलं. हिला मांडीवर थोपटत, एका हातानं, मोबाइलवर. म्हणून काय झालं?

घरात कुणी म्हणालं नव्हतं हो, सुनेचं नाव लहान घाला म्हणून. सासरे तर म्हणाले, तुझ्या मनानं कर. केयूर वाळूजच्या कंपनीतून दमून येतो, त्यानं न बघताच छान म्हटलं. मी माझ्या मनानंच केलं, आणि तिसऱ्या नावाला बोटं आपोआप आखडली. ताटं वाढताना शेवटची, लहानशी पोळी कशी आपल्याकडं— जाऊ द्या. तुम्हाला कशाला सांगतेय मी हे? फॉन्ट तुम्ही बदललात, चूक तुमचीच आहे! आणि ही पोरगी उद्या वाचायला लागेल तेव्हा दारातल्या या पाटीवर बोट ठेवून लागेल. तिला काय सांगू, आईला वेगळं अक्षर का?

जागा नाही? आहे की. सासऱ्यांच्या नावाखालचं 'सेवानिवृत्त शाखा अभियंता' काढा. अहो, काढा म्हणते ना! त्यांना विचारायचं ते मी बघेन — नाही, विचारणारच नाहीये. आता माझं नाव वरच्याएवढं करा. स्क्रीन वळवा इकडं.

…बाई गं. एवढं?

जरासं… नुसतं विचारतेय हं, जरासं कमी केलं तर 'ली'ची वेलांटी राहील? …नाही राहणार. मग हसताय काय? लावा मशीन. फोन माझाच वाजतोय, वाजू द्या. आणि तुम्ही आता काही बोलू नका — बोललात, तर मी पुन्हा लहान करायला सांगेन.