कुंभकोणमचा आचारी

अगं, माझ्या शहाणपणाचा नमुना ऐक. धाकट्या भावाला, मंदारला, कॅरिबियन बेटावरच्या मेडिकल कॉलेजात पाठवायचं की नाही, हे ठरवायला आम्ही दोघं चेन्नईतल्या नुंगंबाक्कम भागातल्या एका एजंटकडे गेलो. कडेवर बाळ, आणि वहीत लिहून नेलेले बारा प्रश्न. तोंडून पहिला निघाला तो तेरावाच: "जेवणाचं काय?"

एजंट खुलला. "सांबार, रसम, दहीभात! आचारी आपला कुंभकोणमचा, मॅडम."

"आणि शिकवतं कोण?"

"प्रोफेसर येतात-जातात. आचारी पर्मनंट."

खरं सांगते, मला तेवढ्यानंही धीर आला. सहज विचारलं, "त्याची मुलंही तिथेच शिकतात?"

"छे, मॅडम! मुलगा इथेच, चेन्नईत डॉक्टर होतोय."

मंदारनं माझ्याकडून बाळ घेतलं. "ताई, ऊठ."